नाकाआडचीं रिकामीं दालनें

'मला सायनस आहे,' असें सांगणारें एखाददुसरें माणूस आज बहुतेक प्रत्येक घरांत भेटतें. डोकें जड होणें, भुंवईच्या वर ठणका लागणें, खालीं वांकतांच गालाच्या हाडांत कळ येणें, नाक चोंदणें, ह्या सर्व तक्रारी आपण ह्या एका शब्दांत बसवून मोकळे होतों. वस्तुतः सायनस हें रोगाचें नांव नसून जागेचें नांव आहे, आणि ती जागा तक्रार करणाऱ्याच्या मस्तकांत जितकी आहे तितकीच तक्रार न करणाऱ्याच्याहि मस्तकांत आहे. 'मला सायनस आहे' हें म्हणणें 'मला यकृत आहे' ह्या म्हणण्यासारखेंच होय. रोगानें जागेचें नांव बळकवावें आणि मूळ जागा मात्र विस्मृतींत जावी, असा प्रकार विरळाच. ह्या विस्मृत जागेचा इतिहास मनोरंजक आहे. त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील एक प्रसंगहि येऊन जातो, आणि तो अभिमानाचा आहे तितकाच विचार करावयास लावणारा आहे.

प्रथम शब्दाकडे वळूं. सायनस हा लॅटिन शब्द. रोमन लोक जें सैल वस्त्र अंगावर घेत, त्याची छातीवर जी घडी पडे तिला ते हें नांव देत. आपल्या बायका जिला ओटी म्हणतात, जवळजवळ तोच हा अर्थ. पुढें वांकण, खळगा, समुद्राचें आखात, अशा अनेक अर्थांनीं तो रूढ झाला. गणितांतील 'साइन' हाहि हाच शब्द, आणि तेथें त्याची जन्मकथा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचते. आर्यभटादि ज्योतिषांचा ज्या अथवा जीवा हा शब्द अरबी ग्रंथकारांनीं ध्वनि तसाच ठेवून उचलला. अरबी लिपींत स्वर बहुधा लिहीत नसल्यामुळें पुढें तो 'जैब' असा वाचला जाऊं लागला. जैब म्हणजे वस्त्राची घडी. हिंदींतील 'जेब' तो हाच. बाराव्या शतकांत त्या अरबी ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें झालीं, तेव्हां भाषांतरकारांनीं जैबचा अर्थ पाहून तेथें सायनस हा शब्द घातला. अशा रीतीनें धनुष्याची दोरी वस्त्राची घडी झाली, आणि शाळेंतील नातवाची त्रिकोणमिति व घरांतील आजोबांची डोकेदुखी ह्यांस एकच नांव पडलें. मराठींत ह्या अर्थीं कोटर हा शब्द योजितात. झाडाच्या ज्या ढोलींत पोपट राहतो तिला आपण कोटर म्हणतों. तेव्हां हा शब्द अगदीं समर्पक आहे.

शरीरांत ह्या नांवाचीं स्थळें अनेक आहेत व त्यांचीं कार्येंहि भिन्न आहेत. मेंदूवरील जाड आवरणाच्या दोन पदरांमध्यें जीं नीलाकोटरें आहेत, त्यांतून मेंदूंतील अशुद्ध रक्त खालीं उतरतें. मागील बाजूस तीं जेथें एकत्र मिळतात, त्या संगमास ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील अलेक्झांड्रियाचा शारीरज्ञ हेरोफिलस ह्याचें नांव अद्यापि चालत आहे. हृदयाच्या स्वतःच्या भिंतींतील रक्त गोळा करणारें एक कोटर हृदयाच्या पाठीमागील बाजूस आहे. महारोहिणीच्या मुळाशीं झडपांमागें जे तीन फुगवटे आहेत, ते इटालियन शारीरज्ञ वाल्साल्वा (१६६६–१७२३) ह्याच्या नांवानें ओळखले जातात. मानेंतील रोहिणी जेथें दुभंगते तेथील किंचित् फुगीर भागांत रक्ताच्या दाबाची जाणीव ठेवणाऱ्या मज्जातंतूंचीं टोकें असतात. दाब वाढला कीं तीं मेंदूस वर्दी देतात, व हृदयाची गति मंदावते. ह्या व महारोहिणींतील अशाच यंत्रणेचा श्वसनाशीं असलेला संबंध दाखविल्याबद्दल बेल्जममधील हेमान्स ह्यांस १९३८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हृदयाचा प्रत्येक ठोका जेथून उगम पावतो ती गाठ कीथ व फ्लॅक ह्यांनीं १९०७ सालीं वर्णिली. तिच्याहि नांवांत कोटर हा शब्द आहे, कारण गर्भावस्थेंतील हृदयाच्या अशाच एका कोटरापाशीं तिचें स्थान आहे. शस्त्रवैद्य सायनस म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत कधीं कधीं आणखी निराळीच वस्तु असते: आंतून पू वाहणारी व त्वचेवर तोंड असलेली लांबट वाट. सुश्रुतानें जिला नाडीव्रण म्हटलें ती हीच. परंतु घरोघरीं ज्याची तक्रार ऐकूं येते तें कोटर ह्यांपैकीं कोणतेंच नव्हे. तें नाकाभोंवतालच्या हाडांतील होय, आणि ह्या लेखाचा मुख्य विषय तेंच आहे.

नाकाच्या दोन्ही बाजूंस मिळून अशा कोटरांचे चार गट आहेत. सर्वांत मोठें कोटर वरच्या जबड्याच्या हाडांत, गालाच्या आड असतें; प्रौढ माणसाच्या एका बाजूच्या कोटरांत सुमारें १५ घनसेंटिमीटर, म्हणजे एक मोठा चमचाभर पाणी मावेल. दुसरें कपाळाच्या हाडांत, भुंवयांच्या वर. तिसरा गट नाकाचें मूळ व डोळ्याची खोबण ह्यांमधील चाळणीसारख्या हाडांत. हें एक दालन नसून मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान खोल्यांची ओळ आहे. चौथें कोटर सर्वांत खोल, कवटीच्या तळाशीं. त्याच्या छतावरच पोष ग्रंथि बसलेली असते, आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया आज बहुतेक वेळां नाकांतून ह्याच दालनाच्या मार्गानें करतात. तान्ह्या मुलाच्या कपाळांत कोटर असें नसतेंच. तें बालपणांत वाढूं लागून विशीच्या सुमारास पूर्ण होतें, व प्रत्येक माणसांत त्याचा आकार इतका निराळा असतो कीं क्ष-किरणांच्या जुन्या चित्राशीं ताडून त्यावरून मृताची ओळख पटवितां येते.

ह्या सर्व दालनांस आंतून नाकाच्याच अस्तराचा पातळ पदर असतो. त्यावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य केसर असतात, व ते सेकंदास दहापंधरा वेळां हलून वरील चिकट द्रवाचा थर सतत पुढें सरकवीत असतात. गालांतील कोटराचें दार त्याच्या तळाशीं नसून भिंतीच्या वरच्या अंगास आहे. म्हणजे द्रवास बाहेर पडण्यास चढ चढावा लागतो, आणि हें काम ते केसर जन्मभर बिनबोभाट करीत असतात. मनुष्य चार पायांवर चालत असता तर हेंच दार सोयीचें ठरलें असतें, असें कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात. सर्दीनें अस्तर सुजलें, दार मिटलें व केसर थकले, कीं आंतील द्रव तुंबतो, आणि मग आपल्यास 'सायनस होतें'. वरच्या दाढांचीं मुळें ह्याच कोटराच्या तळाशीं असल्यामुळें किडलेल्या दाढेचा विकारहि येथवर चढतो.

इतकें हें घर डोळ्यांजवळ असूनहि मनुष्यास त्याचा पत्ता फार उशिरां लागला. आपल्याकडे सुश्रुतानें शारीरस्थानांत शवपरीक्षेची रीत सांगितली आहे: शव गवतादिकांनीं वेष्टून, पिंजऱ्यांत घालून, संथ वाहत्या पाण्यांत सात रात्रीं ठेवावें व मग वाळा, केस, वेळू इत्यादिकांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून एकेक थर प्रत्यक्ष पाहावा. पुस्तकांत वाचलेलें डोळ्यांनीं पडताळून घ्यावें हा त्याचा आग्रह आजच्या विद्यार्थ्यानेंहि शिरोधार्य मानावा असा आहे. परंतु घासण्यानें कातडी, स्नायु, शिरा उलगडतात. हाडाच्या आंत काय आहे तें कळत नाहीं. नाक, कान, डोळे व जीभ ह्यांचें पोषण करणाऱ्या शिरांचा संगम म्हणून त्यानें शृंगाटक हें मर्म सांगितलें व तेथील आघात तत्काळ प्राणघातक म्हटला. कांहीं अर्वाचीन वैद्य त्याचा संबंध कवटीच्या तळाच्या नीलाकोटराशीं जोडतात. पडशाचे प्रकार व नस्याचे उपचार प्राचीनांनीं बारकाईनें लिहिले. कोटरांचें वर्णन मात्र त्यांत आढळत नाहीं. ग्रीकांची कल्पना तर अशी कीं पडशाचें पाणी मेंदूंतून चाळणीच्या हाडावाटे नाकांत गळतें. पडशास युरोपांत जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थच मुळीं 'खालीं वाहणें' असा आहे. ही समजूत सुमारें दोन हजार वर्षें टिकली.

१४८९ च्या सुमारास लिओनार्दो द विंची ह्यानें कवटी करवतीनें कापून गालांतील व कपाळांतील कोटरांचीं सुंदर चित्रें काढलीं. परंतु तीं त्याच्या वह्यांतच राहिलीं, व वैद्यांच्या हातीं शतकानुशतकें पडलीं नाहींत. इंग्लंडांतील शर्बोर्न गांवचा वैद्य नॅथॅनिएल हायमोर ह्यानें १६५१ सालीं आपल्या ग्रंथांत गालांतील कोटराचें नीट वर्णन केलें, व त्याचें नांव त्यास मिळालें. त्यानें एका स्त्रीची हकीकत दिली आहे. तिचा सुळा काढल्यावर त्या जागेंतून सारखें पाणी झिरपूं लागलें. काय आहे तें पाहावें म्हणून तिनें त्या भोंकांत प्रथम चांदीची सळई व मग पिसाचा देंठ सारून पाहिला, तों तो आंत जातच राहिला. आतां हा मेंदूपर्यंत पोंचला असें वाटून ती बाई भयानें गळून गेली. वैद्यानें तिला समजाविलें कीं ही मेंदूची वाट नव्हे, हाडांतील एक रिकामें दालन आहे. पुढें १६६० नंतर विटेनबर्गच्या श्नायडर ह्यानें मोठा ग्रंथ लिहून दाखवून दिलें कीं पडशाचें पाणी मेंदूंतून येत नाहीं. नाकाचें अस्तरच तें निर्माण करतें. दोन हजार वर्षांचा एक समज तेथें संपला.

आतां पुण्याकडे येऊं. १७९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या लष्करांत बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला. त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळ एका कुंभारानें त्याचें नाक पुन्हा घडविलें. क्रूसो व फिंडले हे मुंबईचे दोन इंग्रज वैद्य ती क्रिया पाहावयास हजर होते. नाकाच्या थोटकावर मेण बसवून त्याचा आकार घेतला. तें मेण चपटें करून कपाळावर ठेवून रेघ आंखली. तेवढी कपाळाची कातडी सोलून, भुंवयांच्या मध्यें एक पट्टी जोडलेली ठेवून, ती खालीं वळवून थोटकावर बसविली. वर कात लावलेल्या पट्ट्या ठेविल्या. पुढें तुपाच्या घड्या. दहाव्या दिवशीं नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापली. जेम्स वेल्स ह्या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, व १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन' ह्या मासिकांत ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू ह्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनांत तशीच क्रिया केली व १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. तेथून ही विद्या सर्व युरोपांत पसरली, व आजहि ती 'भारतीय पद्धति' म्हणूनच ओळखली जाते.

ह्या प्रसंगाचा आपल्यास अभिमान वाटतो, व तो रास्तच आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें पाहतां त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. त्या कुंभाराचा सुरा ज्या जागेवरून फिरला तिच्या खालीं, हाडाच्या एका पातळ पदराआड, कपाळांतील कोटर होतें. कातडीचें जीवन कशावर टिकतें, किती रुंद पट्टी राखली म्हणजे रक्त पोंचतें, हें त्याच्या हातास पुरें ठाऊक होतें. पण तो हात कातडीखालीं गेला नाहीं, जाण्याचें कारणहि नव्हतें. त्याची विद्या त्याच्याबरोबर राहिली. त्यानें ती लिहिली नाहीं, व लिहिणाऱ्यांनीं त्यास विचारली नाहीं. तिच्यावर लेख लंडनच्या मासिकांत यावा आणि कर्त्याचें नांवहि त्यांत नसावें, ह्याचा दोष त्या कारागिरास देणें न्याय्य होणार नाहीं. ज्या समाजानें शवास शिवणाऱ्यास हीन लेखिलें, हातानें काम करणाऱ्यास शास्त्रापासून दूर ठेविलें, आणि शास्त्र जाणणाऱ्याच्या हातांतून हत्यार काढून घेतलें, त्याच समाजाचा तो दोष होय. सुश्रुतानें 'प्रत्यक्ष पाहा' म्हटलें. पाहणारे एकीकडे व वाचणारे दुसरीकडे, असें आम्हीं करून ठेविलें. परिणामीं आमच्याच घरची विद्या आम्हांस परक्या पुस्तकांतून परत शिकावी लागली.

ही फूट सांधावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८३६ सालीं कलकत्त्यास मधुसूदन गुप्त ह्यांनीं शवच्छेदनास हात घातला. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें, व १८५१ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते. सोलापूरचें उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजीं ह्या गांवीं जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेजांत शिकले, १९३८ सालीं पांच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले, तेथें त्यांनीं जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांस शिकविलें, बेथ्यून रुग्णालयाचें प्रमुखपद संभाळलें, व ९ डिसेंबर १९४२ रोजीं अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच देह ठेविला. पुण्याच्या कुंभाराची विद्या परक्यांनीं नेली. सोलापूरच्या वैद्यानें आपली विद्या आपल्या हातानें परदेशीं नेऊन दिली. दोहोंमधील अंतर दीडशें वर्षांचें आहे, पण फरक हाताच्या कौशल्याचा नसून विद्या सर्वांसमोर मांडण्याच्या सोयीचा आहे. खुद्द सोलापुरांत १९६३ पासून वैशंपायन ह्यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय चालू असून, आतां गांवच्या मुलांस कवटी पाहण्यासाठीं मुंबई गांठावी लागत नाहीं.

युरोपांत मध्यंतरीं कोटरांचें ज्ञान पुढें गेलें होतें. ऑस्ट्रियांतील झुकरकांडल ह्यानें १८८२ पासून शेंकडों कवट्या कापून नाकाच्या आंतील रचनेवर ग्रंथ लिहिला. १८९३ सालीं न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल ह्यानें व १८९७ सालीं पॅरिसच्या ल्यूक ह्यानें, एकमेकांचा पत्ता नसतां, ओठाखालून हिरडीवर छेद घेऊन गालांतील कोटर साफ करण्याची रीत काढली. पुढील पाऊणशें वर्षें तीच चालली. तिच्यांत द्रव सहज खालीं वाहावा म्हणून तळाजवळ एक नवें दार पाडीत असत. परंतु ग्राझ येथील मेसरक्लिंगर ह्यानें दाखवून दिलें कीं तळाशीं कितीहि मोठें दार पाडलें तरी केसर द्रवास नेतात तें जुन्या, वरच्या दाराकडेच. निसर्गानें घालून दिलेली वाट ते सोडीत नाहींत. त्याचा ग्रंथ १९७८ सालीं प्रसिद्ध झाला, व १९८० नंतर बारीक दुर्बिणीनें नाकांतूनच मूळ दार मोकळें करण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली.

इतकें झालें तरी हीं दालनें कशासाठीं आहेत ह्या प्रश्नाचें एकमतानें मान्य असें उत्तर अद्यापि मिळालेलें नाहीं. डोकें हलकें करण्यासाठीं म्हणावें, तर तीं सच्छिद्र हाडानें भरून काढलीं तरी मस्तकाचें वजन फारच थोडें वाढतें. आवाजास घुमारा देण्यासाठीं म्हणावें, तर कोटरांचीं दारें इतकीं अरुंद आहेत कीं तेंहि पटत नाहीं. आघात झाला असतां मेंदूऐवजीं हीं पोकळ हाडें चेपावीं, ही कल्पना कांहींशी मान्य आहे. हवा ऊन व ओलसर करण्याचें काम मुख्यतः नाकच करतें. १९९५ सालीं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील लुंडबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं कोटरांच्या अस्तरांत नायट्रिक ऑक्साइड हा वायु मोठ्या प्रमाणांत तयार होतो. तो जंतूंस मारक असून श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन तेथील रक्तवाहिन्या रुंद करतो. २००२ सालीं असेंहि आढळलें कीं तोंड मिटून गुणगुणल्यास नाकांतून बाहेर पडणाऱ्या ह्या वायूचें प्रमाण सुमारें पंधरा पट वाढतें. भ्रामरी प्राणायामाच्या अभिमान्यांस ह्यानें आनंद होईल. तो त्यांनीं अवश्य मानावा. मात्र एवढ्यावरून भ्रामरीनें सर्व व्याधि बऱ्या होतात असें सिद्ध होत नाहीं, हेंहि ध्यानीं ठेवावें.

सोलापूरच्या माणसास ह्या नाकाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी, आणि गांव सुताचा. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी व तिच्यामागून आलेल्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. पण ज्या पिढ्यांनीं तेथें पिंजणखात्यांत दिवस काढले त्यांच्या नाकांतून किती कापूस गेला ह्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. नाक जाड धूळ अडवितें. सूक्ष्म धूळ त्यास न जुमानतां फुप्फुसांत उतरते. कापसाच्या धुळीनें छाती आवळण्याचा विकार सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीं अधिक जाणवतो, ही गोष्ट जगभर नमूद झाली आहे. आज यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणणारे, व घरोघरीं तंबाखूच्या पुडींत बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया, ह्यांचें नाकहि त्याच पहाऱ्यावर उभें आहे. ओल्या कापडाची एक साधी पट्टी, खिडकी व झाडण्याऐवजीं पुसणें, एवढ्यानेंहि त्या पहारेकऱ्याचा भार पुष्कळ हलका होतो.

ह्या रिकाम्या दालनांची खरी भीति महाराष्ट्रास २०२१ सालीं कळली. करोनाच्या दुसऱ्या लाटेंतून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या व स्टेरॉइड घेतलेल्या रोग्यांच्या नाकांत काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, वाढूं लागली. ती नाकांतून गालाच्या कोटरांत, तेथून चाळणीच्या हाडांतून डोळ्यांत व शेवटीं मेंदूंत शिरे. त्या वर्षीं मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांस १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं तिची नोंद सक्तीची करावयास सांगितलें. सर्वांत अधिक रोगी सांपडले त्या प्रांतांत महाराष्ट्र व गुजराथ अग्रभागीं होते. कित्येकांचे डोळे काढावे लागले, कित्येकांचा वरचा जबडा. जे वांचले त्यांपैकीं पुष्कळांचा जीव वांचला तो गाल सुन्न होणें, नाकांतून काळसर स्राव येणें, एक डोळा सुजणें, हीं चिन्हें घरच्या कोणाच्या तरी वेळींच लक्षांत आल्यामुळें, आणि नाकाच्या वैद्यास त्या अंधाऱ्या दालनांतील प्रत्येक भिंत पाठ असल्यामुळें. हायमोरपासून मेसरक्लिंगरपर्यंत ज्यांनीं एकेक कवटी उघडून पाहिली, आणि मुख्य म्हणजे पाहिलेलें छापून सर्वांपुढें ठेविलें, त्यांचे श्रम अशा वेळीं फळास येतात.

पुण्याच्या त्या कुंभारास विचारणारा कोणी त्याच्याच भाषेंतला निघाला असता, तर आमच्या शस्त्रविद्येचा इतिहास निराळा लिहिला गेला असता. आजहि हाडवैद्य, सुईण, रानांतील औषधें ओळखणारा धनगर, ह्यांच्या हातांत कांहीं खरें व कांहीं खोटें ज्ञान आहे. त्यांतील खरें कोणतें तें पारखून टिपून ठेवण्याचें काम शिकलेल्यांचें आहे, आणि तें ज्या भाषेंत तीं माणसें बोलतात त्या भाषेंत झालें पाहिजे.